तीन महिन्यांची मुदत
(कराड येथील कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)



मी कातकरी वाडीवरची. बारावीपर्यंत शिकले. वकील नाही. पण वाडीच्या दाव्यांची फाईल घेऊन हापिसाच्या पायऱ्या झिजवल्यात, म्हणून कायद्यावर बोलायला उभी राहिले.

आपली म्हातारी माणसं म्हणतात, कायदा सरकारचा, आपण काय करणार? पण कायदा आभाळातनं पडत नाही. माणसंच करतात, माणसंच बदलतात.

१८७८ साली इंग्रजांनी वनकायदा केला. जंगल राखीव करायचं तर आधी जाहीरनामा काढायचा. ज्याचा हक्क असेल त्यानं मुदतीत सांगायचं. मुदत कमीत कमी तीन महिने. सांगितलं नाही तर हक्क बुडाला. १९२७ च्या कायद्यातही तेच ठेवलं. आता सांगा, आमच्या पणज्याला तो कागद कोण वाचून दाखवणार? तो खैराचा कात काढत होता, कोळशाच्या भट्ट्या लावत होता. तीन महिने सरले आणि पिढ्यान्पिढ्यांचं रान सरकारी झालं. तो स्वतःच्याच रानात चोर ठरला.

लोक गप्प बसले नाहीत. १९३० साली शिराळ्याकडच्या बिळाशीनं जंगल सत्याग्रह केला. त्याच साली २५ सप्टेंबरला रायगडातल्या चिरनेरला गोळीबार झाला. त्यात आमचा नाग्या कातकरी हुतात्मा झाला. पुढं १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं याच कृष्णाकाठी गावोगाव न्यायदान मंडळं बसवली. गावातले तंटे गावातच तोडले. न्याय द्यायला काळा कोटच लागतो असं नाही, हे या मुलखानं दाखवून दिलंय.

मग स्वातंत्र्य आलं, संविधान आलं. आपल्याला मत मिळालं, पण १९२७ चा वनकायदा तसाच राहिला. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला हे कायद्यात लिहायला २००६ साल उजाडलं. तो वनहक्क कायदा.

गंमत बघा. याच्या नियमांतही दाव्यासाठी तीनच महिने आहेत. पण आता दावे मागवते ग्रामसभा. मुदत पुरली नाही तर कारण लिहून वाढवते तीही ग्रामसभा. महिने तेवढेच, किल्ली दुसऱ्याच्या हातात. फरक इथं आहे.

पण किल्ली नुसती कमरेला लावून कुलूप उघडत नाही. आमच्या वाडीचे दावे परत आले. शेरा होता, पुरावा अपुरा. आम्ही ठरावाची वही उघडली. चार ओळी, त्याही दुसऱ्यानं लिहिलेल्या. जागेची पाहणी कधी झाली त्याची तारीख नाही. एका म्हाताऱ्याचा जबाब नाही. खरं तर गावातल्या जुन्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब हा पुरावा धरतात. अमुकच कागद आणा म्हणून अडवता येत नाही. हे आम्हाला उशिरा कळलं. दाद मागायला साठ दिवस असतात. आम्ही धावत जाऊन मागितली. निकाल अजून यायचाय.

सातारा-सांगली अनुसूचित क्षेत्रात येत नाही, म्हणून १९९६ चा पेसा कायदा इथं लागू नाही. वनहक्क कायदा मात्र लागू आहे. ग्रामसभा मोठ्या गावात भरते, आपली वाडी लांब, माणसं थोडी. तरी दाव्याचा ठराव होताना निम्मे दावेदार हजर लागतात, हा नियम आहे. म्हणून त्या दिवशी वीटभट्टीवर, ऊसतोडीला जायचं नाही. मजुरी बुडते, मला माहीत आहे. माझ्या आईचीही बुडते. पण पणज्याचं रान न जाण्यामुळंच गेलं.

घरी गेल्यावर तीन कामं करा. वनहक्क समितीची वही आपल्या पोरापोरींनी लिहायची. म्हाताऱ्यांचे जबाब या पावसाळ्याच्या आत घ्यायचे, माणसं थांबत नाहीत. आणि दावा दिला की पोच घ्यायचीच.

पणज्याला वाचता येत नव्हतं. आपल्याला येतंय.

जिंदाबाद!