जंगलपट्टीची शाळा आणि निकालाचा हिशेब



जिल्हा परिषदेच्या कोणत्याही प्राथमिक शाळेच्या दप्तरात दोन कागद हमखास सापडतात: एक दाखल-खारीज रजिस्टर, ज्यात मुलाच्या नावापुढे जन्मतारीख, धर्म आणि जात यांचे रकाने भरलेले असतात, आणि दुसरे वार्षिक निकालपत्रक. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तळासरीच्या बाबतीत हे दोन कागद शेजारी ठेवले की, मुले आदिवासी म्हणून निकाल हलका, असा निर्णय सुशिक्षितांच्याही मुखातून इतक्या सहजपणे बाहेर पडतो, की तो निर्णय नसून निव्वळ समजूत आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्या समजुतीची छाननी करणे एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम लोकसंख्येचा तपशील पाहू. २०११ च्या खानेसुमारीत डहाणू तालुक्याची वस्ती चार लाखांच्या किंचित वर आणि तळासरीची दीड लाखाच्या किंचित वर भरली. पहिल्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के, तर दुसऱ्यात ९० टक्क्यांहून अधिक होते. परंतु वारली, मल्हार कोळी, धोडिया, दुबळा, कातकरी या सर्वांना एका आकड्यात कोंबणारी ही टक्केवारी जितके सांगते त्याहून अधिक झाकून ठेवते. समुद्रकाठची बंदरपट्टी आणि पूर्वेकडील डोंगराळ जंगलपट्टी हा भेद येथील प्रत्येकास ठाऊक आहे. बोर्डी-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत मजुरी करणाऱ्या वारल्याच्या मुलास रेल्वे, दवाखाना आणि स्वातंत्र्यापूर्वीपासून चालत आलेले हायस्कूल यांचे सान्निध्य लाभते. पूर्वेच्या डोंगरातील पाड्यावरचा त्याचाच जातभाई यांपैकी कशाच्याही जवळ नसतो. आणि तरीही रजिस्टरातील जातीच्या रकान्यात दोघांपुढे एकच शब्द पडतो.

सोयींमधला हा भेद निसर्गाने निर्माण केलेला नाही, त्यामागे इतिहास आहे. लग्नापुरते कर्ज काढून त्यापायी सावकाराच्या वाड्यावर वर्षानुवर्षे राबणारा लग्नगडी ही या मुलखातील रूढ संस्था होती. आणि २३ मे १९४५ रोजी, तेव्हा उंबरगाव तालुक्यात असलेल्या झरी गावी, शेतकरी चळवळीतील शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांची परिषद भरली, तेव्हा तिच्यापुढचा प्रश्न शाळेचा नव्हता, वेठबिगारीचा होता. ज्या घरात पणजोबाच्या देहावरही त्याची स्वतःची मालकी नव्हती, त्या घरातून आलेल्या मुलाची तुलना, ज्याच्या घरी चार पिढ्या पुस्तके वाचली गेली अशा मुलाशी करून त्यातून बुद्धीचे अनुमान काढणे, हे न्यायबुद्धीस सोडून आहे.

वर्तमानातील कारणेही तितकीच उघड आहेत. भाषापंडित ग्रियर्सनने आपल्या भारतीय भाषांच्या पाहणीच्या सातव्या, म्हणजे मराठीच्याच, खंडात वारली बोलीस स्थान दिले. पण पंडितांच्या कागदावरील हे नाते सहा वर्षांच्या मुलाच्या उपयोगी पडत नाही. पाठ्यपुस्तकाची मराठी त्याच्या कानावर प्रथम शाळेतच पडते, आणि दूरच्या जिल्ह्यातून नेमणूक होऊन आलेले गुरुजी त्याची बोली समजू लागेपर्यंत त्यांच्या आंतरजिल्हा बदलीचा हुकूम येऊन ठेपतो. दुसरे कारण हंगामाचे. शाळेचे दुसरे सत्र दिवाळीनंतर सुरू होते, आणि नेमक्या त्याच सुमारास, भातकापणी आटोपून, कित्येक कुटुंबे भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांची वाट धरतात. पुरुष सौराष्ट्राच्या बंदरांत खलाशी म्हणून गेला, तर धाकट्यांना सांभाळण्याचे काम घरातील थोरल्या मुलीच्या वाट्यास येते. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह आणि शिक्षण हमी पत्रक या तजविजी सरकारने केल्या आहेत खऱ्या. परंतु पत्रकाने मूल पटावर राहते, पाठापुढे बसत नाही. तिसरे कारण कायद्याच्याच पोटात आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरेसे ठरतात. म्हणजे चार इयत्तांना दोन गुरुजी, आणि त्यांपैकी एक बैठकीस किंवा निवडणुकीच्या कामास गेला, की चारही इयत्तांना एकच.

हे असेच चालायचे, असे म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यासाठी परदेशी ग्रंथ चाळावे लागत नाहीत. ज्या १९४५ साली झरीची परिषद भरली त्याच साली बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले, आणि १९५७ मध्ये ताराबाई व अनुताई वाघ यांनी ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी मुलांच्या जातीवर शेरा मारला नाही. शाळाच पाड्यावरील अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली. माँटेसरीच्या महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, खडे आणि पाने आली. आंघोळ, खाऊ आणि गोष्ट यांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान मिळाले. मुलांची जात तीच होती, दारिद्र्य तेच होते; बदलली होती ती शाळा, आणि त्या बदलाबरोबर मुलांचे शिकणेही बदलले.

मग निकालाचा हिशेब कसा मांडावा? महसूल खात्याने जमिनीची प्रत ठरवल्याखेरीज सारा कधी आकारला नाही. वरकस आणि बागायत यांना एकच दर लावणारा मामलेदार वेड्यात निघाला असता. शिक्षणखात्याने हीच सावधगिरी बाळगावी. मात्र येथे प्रत लावायची ती मुलाच्या बुद्धीची नव्हे, त्यास पुरवलेल्या सोयींची. पहिलीत पाऊल टाकताना मूल कोठे होते आणि चौथीतून बाहेर पडताना कोठे पोहोचले, त्या अवधीत शिक्षक किती वेळा बदलले, वर्षातील किती महिने मूल भट्टीवर होते, आणि पहिली दोन वर्षे त्याच्या बोलीत त्याच्याशी कोणी बोलले काय, हे चार रकाने निकालपत्रकात असल्याखेरीज त्यावर सही होता कामा नये. जातीचा रकाना खुशाल राहावा, कारण सवलती त्याच्याच आधारे मिळतात. पण निकालपत्रकाशेजारी ठेवून तो वाचायचा असेल, तर मुलाचे वैगुण्य म्हणून नव्हे, आपल्याकडून येणे असलेली बाकी म्हणून वाचावा. या पद्धतीने हिशेब मांडला, तर जंगलपट्टीच्या कित्येक शाळांत नापासाचा शेरा मुलाच्या नावापुढून पुसून व्यवस्थेच्या नावापुढे लिहावा लागेल, आणि तो लिहिण्याचे धैर्य पालघर जिल्ह्याने दाखवावे, एवढेच माझे मागणे आहे.