मोडी, बाळबोध आणि सार्वजनिक किल्ली



मोडीतला दस्त बाळबोधीत उतरविला, तरी त्यातील करार बदलत नाही. संगणकातील सार्वजनिक किल्लीचेही तसेच आहे. १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी मांडलेल्या कल्पनेनुसार ही किल्ली जगजाहीर करावयाची. तिची जोडीदार खासगी किल्ली मात्र गुप्त राखावयाची.

‘डीईआर’ रूपात सार्वजनिक किल्ली म्हणजे निव्वळ बाइटांची माळ. टपालाच्या मजकुरात ती सुखरूप जावी म्हणून ‘पीईएम’ रूप वापरतात. त्यात दर ३ बाइटांची ४ अक्षरे होतात आणि आरंभी व अखेरीस खूणओळी येतात. त्या काढून अक्षरे उलगडली की मूळ बाइट जसेच्या तसे हाती येतात. म्हणून फाइलच्या नावावर विसंबू नये. आतील मजकूर पाहावा. रूपांतरानंतर दोन्ही फाइली डीईआरमध्ये उलगडून ताडाव्यात.

परंतु किल्ली कोणाची, हे रूपांतर सांगत नाही. लिप्यंतर बिनचूक असूनही दस्त बनावट असू शकतो. परक्याची किल्ली आपल्या माणसाची समजून वापरली, तर गुपित त्या परक्याच्याच हाती पडेल. यास्तव किल्लीचा संक्षिप्त ठसा तिच्या धन्याकडून अन्य मार्गाने पडताळून घ्यावा, एवढीच विनंती.