चेपलेला बोरू

बोरूची लेखणी आता सुलेखन शिकणाऱ्यांच्याच हाती दिसते. पाणथळ जागी उगवणारी ही पोकळ काडी बायबलच्या प्रदेशातही विपुल. तिची लेखणी होई, मोजायची काठी होई. पण काडी एकदा चेपली की कामातून गेली. ती दुरुस्त करत कोण बसणार? मोडायची, फेकायची, दुसरी आणायची.

जुन्या करारातील यशयाच्या ग्रंथात, 42व्या अध्यायात, देव आपल्या सेवकाची ओळख करून देतो. हा सेवक चेपलेल्या बोरूला मोडून टाकणार नाही आणि विझू घातलेली वातही मालवणार नाही, असे तिथे सांगितले आहे. देवघरात दिवा लावणाऱ्यांना वातीची खोच लगेच कळेल. तेल संपत आले की उजेड कमी, धूरच जास्त. डोळे चुरचुरतात, हात आपोआप विझवायला जातो. दुःखाने पिचलेली माणसेही कधीकधी अशी असतात. त्यांच्या सहवासाचा त्रास होतो, हे कशाला नाकारायचे?

गंमत अशी, की चेपलेला बोरू याच ग्रंथात आधी एकदा, 36व्या अध्यायात, भेटतो. इ. स. पूर्व 701 मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. त्याचा अधिकारी यरुशलेमच्या लोकांना हिणवतो, की तुम्ही ज्या मिसरच्या भरवशावर आहात तो चेपलेला बोरू आहे, टेकाल तर तळहातात घुसेल. मूळ हिब्रूत शब्द तेच. बलाढ्य सत्तेच्या तोंडी ती हेटाळणी असते. सेवकाच्या वर्णनात मात्र तोच बोरू जपला जातो. आणि 42व्या अध्यायाचे हे बोल बाबेलच्या बंदिवासातील लोकांसाठी होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इ. स. पूर्व 586च्या सुमारास त्यांचे शहर पडले, मंदिर जळाले. चेपले जाणे म्हणजे काय, हे त्यांना वेगळे सांगायला नको होते.

मवाळ माणूस दुबळा, असा आपला समज असतो. पुढच्याच ओळीत त्याला उत्तर आहे. हिब्रूतले तेच दोन शब्द पुन्हा येतात: पृथ्वीवर न्याय स्थापन होईपर्यंत हा सेवक स्वतः मिणमिणणार नाही, चेपला जाणार नाही.

मत्तयाने आपल्या शुभवर्तमानाच्या 12व्या अध्यायात हे वर्णन येशूला लावले. शब्बाथाचा, म्हणजे विश्रांतीचा दिवस. सभास्थानात हात वाळलेला एक माणूस. आज त्याला बरे करणे धर्माला धरून आहे का, असे काहीजण येशूला विचारतात. हेतू त्याच्यावर आरोप ठेवण्याचा. त्यांच्या लेखी तो हात म्हणजे वादाचा एक मुद्दा. येशू म्हणतो, तुमचे एकुलते मेंढरू खड्ड्यात पडले तर शब्बाथ असला तरी काढाल ना? मग तो त्या माणसाला हात पुढे करायला सांगतो. जो हात तो बहुधा लपवीत आला असेल, तोच. हात बरा होतो. बाहेर येशूच्या घाताची मसलत सुरू होते. तो तिथून निघून जातो, मागोमाग आलेल्या सगळ्या आजाऱ्यांना बरे करतो आणि याचा गवगवा करू नका, अशी ताकीद देतो.