पाठीवरचा रंग



दिवाळी सरली, भातकापणी आटोपली, की या किनाऱ्यावर क्रिकेटचा हंगाम सुरू होतो. कापलेल्या शेतांत खेळपट्ट्या तयार होतात. मांडवा, सासवणे, आवास, किहीम अशा गावागावांतून, वाडीवाडीतून टेनिस चेंडूवर खेळणारे संघ उभे राहतात. संघ उभा राहिला की सर्वांत आधी चर्चा होते ती जर्सीची. पाठीवर खेळाडूचे नाव व क्रमांक, छातीवर मंडळाचे नाव, बाहीवर देणगीदाराचे. मोठ्यांची जर्सी शिवून आली की घरातल्या लहानग्यालाही तशीच हवी असते, आणि एकदा ती मिळाली की तो ती केवळ खेळण्यापुरती घालत नाही. ती घालूनच तो शिकवणीला जातो, किराणा आणायला जातो, जेट्टीवर मुंबईहून येणाऱ्या बोटी बघत उभा राहतो. आईने बळेच धुवायला काढून घेईपर्यंत ती अंगावरून उतरत नाही.

त्या मुलाच्या लेखी ती जर्सी म्हणजे आनंद असतो, दुसरे काही नाही. परंतु रस्त्याने जाणारा प्रौढ माणूस तिच्यात आणखी काही वाचू लागला आहे. हिरवी असली की कोणी भुवया उंचावतो, भगवी असली की दुसरा कोणी नाक मुरडतो. मुलाला कळतही नाही की त्याच्या पाठीवर त्याच्या नावाखेरीज अधिकचे काही लिहिले गेले आहे. हे वाचन असेच वाढत गेले तर त्याचा शेवट कोठे होतो, हे पाहायचे असेल तर काही काळ स्कॉटलंडमधील ग्लासगो या शहराकडे दृष्टी वळवावी लागेल.

ग्लासगोत फुटबॉलचे दोन बलाढ्य संघ आहेत. रेंजर्स हा १८७२चा, रंग निळा. सेल्टिकची स्थापना १८८७ची, रंग हिरवा-पांढरा. सेल्टिकचा जन्म मुळात एका सत्कार्यातून झाला. शहराच्या पूर्व भागात पोटासाठी आयर्लंडहून आलेल्या कॅथलिक मजुरांची वस्ती होती. तेथील गरीब मुलांच्या मुखी दोन घास पडावेत म्हणून ब्रदर वॉलफ्रिड या धर्मसेवकाने सामन्यांतून निधी उभारण्याची कल्पना काढली. मे १८८८मध्ये सेल्टिक पहिला सामना खेळला तो रेंजर्सशीच. सेल्टिकने तो ५-२ असा जिंकला आणि सामन्यानंतर दोन्ही संघांनी एकत्र भोजन केले. म्हणजे आरंभी वैर नव्हते. ते नंतर बाहेरून आले. आयर्लंडच्या राजकारणातून, गोदीतील नोकऱ्यांच्या स्पर्धेतून, प्रोटेस्टंट आणि कॅथलिक यांच्या जुन्या भांडणातून. हळूहळू निळा म्हणजे प्रोटेस्टंट आणि हिरवा म्हणजे कॅथलिक हे समीकरण इतके घट्ट झाले की रेंजर्ससारखा मातब्बर संघ अनेक दशके कॅथलिक खेळाडूंना घेण्याचे टाळत राहिला. १९८९मध्ये मो जॉन्स्टन या नामवंत कॅथलिक खेळाडूला त्यांनी घेतले, तेव्हा त्यांच्याच काही चाहत्यांनी संघाचे गळपट्टे जाळले.

या वैराची किंमत मोठ्यांपेक्षा मुलांनी अधिक मोजली. ऑक्टोबर १९९५मध्ये सेल्टिकचा सामना पाहून घरी परतणाऱ्या सोळा वर्षांच्या एका मुलाचा भररस्त्यात गळा चिरण्यात आला. त्याचे कोणाशी भांडण झालेले नव्हते. तो कोणत्या संघाचा चाहता आहे, एवढेच मारेकऱ्याला पुरेसे वाटले. त्याच्या एका मैत्रिणीने पुढे 'निल बाय माउथ' ही संस्था स्थापन करून या विद्वेषाविरुद्ध काम सुरू केले. ग्लासगोत आणि उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टमध्ये अनेक उपाहारगृहांच्या व मद्यगृहांच्या दारांवर फुटबॉलचे रंग घालून आत येण्यास मनाई असल्याच्या पाट्या लागल्या. तेथील आईबापांना मुलाला घराबाहेर सोडण्यापूर्वी ऊनपावसाचा नव्हे, तर त्याच्या अंगातल्या सदऱ्याचा विचार करावा लागे.

आता या रंगांचीच थोडी उलटतपासणी करावी. ग्लासगोत हिरवा रंग कॅथलिक ख्रिस्ती समाजाचा मानला गेला. कोलकात्यात मोहन बागान या संघाचा रंग हिरवा-तांबडा. हा बंगाली हिंदू भद्रलोकांत रुजलेला संघ. याच संघाने २९ जुलै १९११ रोजी गोऱ्या लष्करी पलटणीच्या संघाला नमवून आयएफए शील्ड जिंकली आणि साऱ्या देशाची मान उंचावली. त्याच शहरातील मोहमेडन स्पोर्टिंगचे रंग मात्र काळा आणि पांढरा! दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ हिरवा, आयर्लंडचा हिरवा. बंगळुरूचा आयपीएल संघ २०११पासून हंगामातील एक सामना पर्यावरणाच्या संदेशासाठी हिरव्या जर्सीत खेळत आला आहे. तेव्हा मांडव्याच्या बाजारात एखादा मुलगा हिरव्या जर्सीत दिसला तर तो विराट कोहलीचा भक्त असण्याचा संभव पुष्कळच मोठा असतो. रंगाचा धर्म रंगात नसतो, तो पाहणाऱ्याच्या मनात असतो. आणि हा दोष एकाच बाजूच्या मनात असतो असेही नाही.

महाराष्ट्राच्या विधानसभेतील सदस्यांनीच तो २०१९मध्ये दाखवून दिला. त्या वर्षीच्या विश्वचषकात यजमान इंग्लंडची जर्सी निळी आणि भारताचीही निळी. दोन संघांचे रंग सारखे असतील तर एकाने पर्यायी जर्सी घालावी, असा आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचा नियम होता. त्यानुसार ३० जून २०१९ रोजी बर्मिंगहॅमच्या सामन्यात भारतीय संघ नारिंगी आणि गडद निळ्या जर्सीत उतरणार होता. सामन्यापूर्वीच मुंबईत समाजवादी पक्षाचे आमदार अबू आझमी आणि काँग्रेसच्या काही आमदारांनी या नारिंगी रंगावर आक्षेप घेतला. संघाचे भगवेकरण होत आहे, असा त्यांचा आरोप होता. भारत तो सामना ३१ धावांनी हरला आणि तिकडे काश्मीरमध्ये मेहबूबा मुफ्ती यांनी पराभवाचे खापर जर्सीवर फोडले. मैदानावर काय घडले होते? भारताच्या बाजूने त्या दिवशी सर्वाधिक बळी, एकूण ५, मोहम्मद शमी याने मिळवले, आणि तेही त्याच नारिंगी जर्सीत. रंगाने त्याला अडवले नाही. त्या रंगाची अडचण झाली होती ती मुंबईत बसलेल्या पुढाऱ्यांना.

इतरांचे दोष सांगून झाल्यावर आपल्या घराकडेही पाहणे प्राप्त आहे. मांडव्याच्या जेट्टीवरून समुद्रापलीकडे मुंबई दिसते. त्याच मुंबईत मरीन ड्राइव्हलगत पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने आजही ओळीने उभे आहेत. भारतीय क्रिकेटची पहिली मोठी स्पर्धा याच विभागणीवर उभी राहिली. आधी युरोपीय विरुद्ध पारशी, १९०७पासून हिंदूंसह तिरंगी, १९१२मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर चौरंगी आणि १९३७मध्ये उरलेल्यांचा 'द रेस्ट' संघ आल्यावर पंचरंगी. त्या स्पर्धेचा गंमतीचा भाग असा की नाव 'रंगी', पण सर्वांच्या अंगावर पांढरेच कपडे. रंग कापडावर नव्हता, तरी प्रेक्षागारात तो सर्वांना दिसत होता.

आणि एकाच संघात, एकाच पांढऱ्या कपड्यांतही तो दिसत होता. पळवणकर बाळू हा त्या काळचा थोर डावखुरा फिरकी गोलंदाज. चर्मकार समाजात जन्मलेला. पुण्यात जिमखान्यावर खेळपट्टीची देखभाल करणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे, हे त्याचे काम. त्याची गोलंदाजी हिंदू संघाला हवी होती, त्याचा स्पर्श मात्र नको होता. मैदानावर त्याने बळी घ्यावेत आणि चहाच्या वेळी मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा प्यावा, अशी ती व्यवस्था होती. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूने ११४ बळी मिळवले. तरीही हिंदू संघाचा कर्णधार म्हणून त्याची निवड कधी झाली नाही. तो मान अखेर त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाला. १९२३मध्ये विठ्ठलच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने युरोपीयांना हरवून स्पर्धा जिंकली आणि लोकांनी त्याला खांद्यावर उचलून घेतले. ज्यांच्या घरात त्याच्या हातचे पाणी चालले नसते, त्यांतलेही काही त्या गर्दीत असतील. विठ्ठलने पुढे 'माझे क्रीडा-जीवन' या नावाने मराठीत आत्मचरित्र लिहिले. ते शाळांच्या ग्रंथालयांत असायला हवे.

गांधीजींनी डिसेंबर १९४०मध्ये या जातीय स्पर्धेविरुद्ध मत दिले. तरी ती आणखी काही वर्षे चालली आणि १९४५-४६च्या हंगामानंतर बंद पडली. तिने उत्तम क्रिकेट दिले यात शंका नाही. १९४३च्या अंतिम सामन्यात 'द रेस्ट'कडून सांगलीच्या विजय हजारे यांनी संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ केल्या. पण धर्मावर उभारलेले संघ देशाला परवडणारे नव्हते, हे फाळणीच्या उंबरठ्यावर सर्वांनाच कळून चुकले होते.

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जाईल. इतर रंग ठीक, परंतु पाकिस्तानच्या जर्सीचे काय? या किनाऱ्यावर हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांतील स्फोटके याच रायगड जिल्ह्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी कसाब आणि त्याचे साथीदार आले तेही याच समुद्रातून. ही वेदना खरी आहे आणि तिला संकुचितपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु या वेदनेचा हिशेब बारा-चौदा वर्षांच्या मुलाकडे मागायचा काय?

फेब्रुवारी २०२५मध्ये मालवणात भारत-पाकिस्तान सामन्याच्या वेळी एका अल्पवयीन मुलाने देशविरोधी घोषणा दिल्याची तक्रार झाली. मुलाला ताब्यात घेतले गेले, आईवडिलांना अटक झाली आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांचे भंगाराचे दुकान अनधिकृत ठरवून पाडण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेथे जर्सी नव्हती, आरोप घोषणेचा होता, आणि घोषणेसाठी कायदा आहे, बालन्याय मंडळही आहे. परंतु आरोप सिद्ध होण्याआधीच दुकान पडते, तेव्हा त्या वयाच्या मुलाला देशाविषयी कोणता धडा मिळतो, याचा विचार राष्ट्रभक्ताने इतर कोणाहीपेक्षा आधी करायला हवा. देश त्याचाही आहे, हे त्याला पटवून देणे बुलडोझरचे काम नाही. ते शेजाऱ्याचे, गुरुजींचे आणि संघाच्या कर्णधाराचे काम आहे. २ एप्रिल २०११ रोजी समोरच्या वानखेडे मैदानावर भारताने विश्वचषक उंचावला, तेव्हा त्या स्पर्धेत २१ बळी घेणारा झहीर खान हा आपल्या श्रीरामपूरचा मुलगा होता. त्याच्या नावाची निळी जर्सी घालणारी मुले त्या वर्षी गावोगाव दिसत होती आणि त्यांतली बहुतेक हिंदूंची होती.

मग बंदी घालावी काय? स्कॉटलंडने २०१२मध्ये फुटबॉलसंबंधी द्वेषपूर्ण वर्तनाविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि २०१८मध्ये तो रद्दही केला. तो संदिग्ध आहे, चाहत्यांनाच लक्ष्य करतो, अशी टीका त्यावर सतत होत राहिली. वर्तनावर कारवाई करता येते, कपड्यांवर करू गेल्यास हाती फार थोडे लागते. मांडव्यात तर बंदीची गरजही नाही. येथे सामन्यांच्या समालोचकाच्या हाती ध्वनिक्षेपक असतो. त्याच्या एका टोमण्याने रंगाला जात चिकटते आणि एका कौतुकाने ती गळून पडते. पंचांनी, आयोजकांनी नाणेफेकीपूर्वी त्याच्याशी दोन शब्द बोलून घ्यावेत. देणगीदाराने बाहीवर आपले नाव जरूर छापावे, पण रंगावर हक्क सांगू नये.

या हंगामाच्या जर्सी अजून शिवायला गेल्या नसतील तर रंग मुलांनाच ठरवू द्यावा. खाऱ्या वाऱ्यात आणि रणरणत्या उन्हात कोणता रंग मे महिन्यापर्यंत टिकतो, एवढे मात्र शिंप्याला आधी विचारून घ्यावे.