मोसंबीचा ग्लास आणि रताळ्याची टोपली



ठाणे, कल्याण, डोंबिवलीत आजाऱ्याला भेटायला जाणारा माणूस पिशवीत मोसंबी नेतो. रताळे कोणी नेत नाही. ते निघते एकादशीला नि महाशिवरात्रीला. रस म्हणजे ताकद, कंद म्हणजे पोटभरू, हा समज आता गावातही रुजला आहे. आपण तो मापाने तपासू.

100 ग्रॅम मोसंबीत जीवनसत्त्व सी 45 ते 50 मिलिग्रॅम. रताळ्यात त्याच्या निम्म्याहून कमी. इथे मोसंबी जिंकली. पण गाळलेल्या रसात चोथा जवळपास उरत नाही. रताळ्यात तो 3 ग्रॅमच्या आसपास, आणि उष्मांक रसाच्या दुपटीच्या घरात. केशरी गराच्या रताळ्यात डोळ्यांना लागणारे कॅरोटीन भरपूर, पांढऱ्यात नगण्य.

मग सी कशाला हवे? आपल्या ज्वारीत लोह आहे, पण ते सहज अंगी लागत नाही. त्याच जेवणात सी असले तर जास्त लागते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी निघाले. त्यावर रसाचा ग्लास विकत घ्यायला नको. भाजीवर लिंबू पिळा, जेवणाबरोबर चहा टाळा.

2016 पासून फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त आहे. म्हणून आम्ही सांगतो: विहिरीला थोडे पाणी असेल त्याने केशरी रताळ्याच्या दोन सऱ्या लावाव्यात. आधी घरच्या लेकरांना द्यावे. उरलेले शहराच्या दारात न्यावे, आणि भाव आपण सांगावा.