इंग्रजीच्या तासाची भाकरी

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या परिषदेसाठी मला नेमून दिलेला विषय ‘इंग्रजी पाठ्यपुस्तकांतील संस्कृतिदर्शन’ असा आहे. नाव भारदस्त आहे खरे. परंतु मला हा विषय प्रथम उमगला तो एका भाकरीमुळे. म्हणून तेथूनच आरंभ करतो.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी अक्कलकोट तालुक्यातील एका शाळेत मी पाचवीस इंग्रजी शिकवीत असे. त्या काळी इंग्रजीचा श्रीगणेशा पाचवीतच होई. पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. न्याहारीवरचा पाठ संपल्यावर मी मुलांस स्वतःविषयी एक वाक्य लिहावयास सांगितले. एका मुलीने लिहिले, ‘आय ईट भाकरी अँड चटणी.’ मी लाल शाईने ‘भाकरी’ खोडून ‘ब्रेड’ केले, ‘चटणी’ खोडून ‘बटर’ केले आणि खाली ‘शाबास’ असा शेरा दिला. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली व हळूच म्हणाली, “गुरुजी, पण मी ब्रेड कधी खाल्लाच नाही. मग हे खोटं नाही का?” मी म्हणालो, “इंग्रजीत असंच लिहायचं असतं.”

त्यानंतर वर्षभर तिने पुस्तकातलीच वाक्ये लिहिली. त्यांत एकही चूक नसे. तिच्या घरी काय शिजते, कोण येते-जाते, हे मात्र त्या वहीतून मला पुन्हा कधीच कळले नाही. तिच्या घरी कानडी बोलत. भाकरीस घरी ‘रोट्टी’ म्हणावयाचे, शाळेत ‘भाकरी’ म्हणावयाचे, हे त्या पोरीने तक्रार न करता स्वीकारले होते. तिसऱ्या भाषेत मात्र ती भाकरी ताटातूनच नाहीशी झाली, आणि ती मी केली.

पुढे मी शब्दकोश चाळला तेव्हा ओशाळलो. ‘चटणी’ हा शब्द इंग्रजांनी केव्हाच आपल्या कोशात घेतलेला आहे. चपाती आहे, ज्वारी देखील ‘जवार’ या रूपाने आहे. माझी लाल शाई इंग्रजांच्या कोशाहूनही सोवळी निघाली!

ही खोड जुनी आहे. मेकॉलेसाहेबाने आपले टिपण १८३५ साली लिहिले. त्यानंतर आपल्याकडे इंग्रजी शिकणे म्हणजे इंग्रजांचे जग पाठ करणे, असा समज दृढ झाला. वर्ड्‌स्वर्थच्या कवितेतील डॅफोडिलची फुले ज्यांनी घोकली, त्यांतील किती जणांनी ती पाहिली असतील? त्याच काळातील तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मात्र मराठी मुलाच्या हातास धरून, मराठीतून इंग्रजीकडे नेई. २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, स्थापन झाली आणि पुस्तके येथेच तयार होऊ लागली. नावे आपली झाली, चित्रांतील पोशाख आपले झाले. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात स्त्री व पुरुष मिळून भाजी निवडीत असल्याचे चित्र आले, त्याची चर्चाही झाली. ही प्रगती लहान नव्हे.

तथापि नाव बदलल्याने घर बदलत नाही. जॉनचा राजू झाला, पण राजूस स्वतंत्र खोली असेल आणि वाढदिवसास केक असेल, तर तो राजू आपल्या माळशिरसचा किंवा मंगळवेढ्याचा कसा? साखर कारखान्याच्या तळावर कोपीत राहणारे ऊसतोड मजुराचे मूल ‘माय हाउस’ हा पाठ चालू असताना खाली मान घालून बसते. त्यास शब्द येत नाहीत असा आपण शेरा देतो. वस्तुतः त्याच्या घराबद्दल त्यास कोणी विचारलेलेच नसते. कोपीस दार कसले, ती किती दिवसांत उभी राहते, हे तेच मूल साऱ्या वर्गास सांगू शकेल. इंग्रजी शब्द तेवढे आपण पुरवावयाचे.

याचा अर्थ परके ते सारे टाकावे असा मुळीच नाही. पावसास ‘आज जा, पुन्हा केव्हा तरी ये’ असे विनविणारे इंग्रजी बालगीत आपण सर्वजण शिकवितो. १९७२ चा दुष्काळ ज्या जिल्ह्याने सोसला, जेथे जूनमध्ये सारे गाव आभाळाकडे डोळे लावून बसते, तेथे मुले पावसास हाकलतात! कित्येकांनी मला सुचविले की हे गीत बंदच करावे. मला ते पटत नाही. गीत म्हणू द्यावे आणि मग विचारावे : त्या देशातील मुलास पाऊस का नको असेल? तेथे बारमाही रिमझिम चालते आणि खेळ बुडतो. मग आपल्या गीतातील मूल पावसास पैशाचे आमिष का दाखविते? एवढ्या दोन प्रश्नांत दोन देशांचे हवामान आणि शेती येऊन जाते.

आपल्याच जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे श्री. रणजितसिंह डिसले यांस २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांच्या क्यूआर कोडचा गवगवा फार झाला. मला मात्र अधिक मोलाचे वाटते ते हे की मुलांची घरची भाषा कानडी आहे हे ओळखून त्यांनी पुस्तकातील मजकूर त्या भाषेत आणला.

आपण विचाराल, परीक्षेत काय करावे? रास्त शंका आहे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत पर्याय छापील असतात. तेथे ‘ब्रेड’ ओळखता आलेच पाहिजे. पण वही म्हणजे परीक्षा नव्हे. वहीत मुलाने ‘भाकरी’ लिहिले तर ते राहू द्यावे, आणि पुढचे वाक्य त्याच्याकडून करवून घ्यावे : ‘इट इज अ फ्लॅट ब्रेड मेड ऑफ जवार फ्लोअर.’ नीट पाहिलेत तर हे वाक्य पाठातील कोणत्याही वाक्याहून अवघड आहे, आणि मूल ते आनंदाने शिकते. क्रियापदाची चूक अवश्य दुरुस्त करावी. खाल्लेल्या पदार्थाची दुरुस्ती करू नये.

पुढील महिन्याच्या परिषदेस येताना प्रत्येकाने आपल्या वर्गातील तीन वह्या आणाव्यात. निवडक सुवाच्य वह्या नकोत. जी मुले गप्प बसतात त्यांच्या आणाव्यात. मीही माझी लाल लेखणी घरी ठेवून येईन.