गोडव्याचे गुण किती?

(मंडळाच्या वर्धापनदिनी, स्पर्धांच्या बक्षीस समारंभात झालेले भाषण)



बक्षिसे वाटण्याचा मान आपण मला दिलात, त्याबद्दल मी आभारी आहे. पण त्यापूर्वी परीक्षकांच्या गुणपत्रिकेविषयी चार शब्द बोलते. भजनस्पर्धेच्या पत्रिकेत रकाने चार: सूर, ताल, शब्दोच्चार आणि ‘आवाजाचा गोडवा’. पहिल्या तिघांबद्दल तक्रार नाही. सम चुकली तर ती सर्वांनाच चुकलेली ऐकू येते. चौथा रकाना मात्र मला खटकतो. गोडवा म्हणजे काही गुळाची ढेप नव्हे, की तराजूत घातली आणि वजन सांगितले!

गंगूबाई हनगलांचे उदाहरण घ्या. गळ्यावर उपचार झाल्यानंतर त्यांचा आवाज जाड, जवळजवळ पुरुषी झाला. तरी त्याच आवाजावर रसिकांनी प्रेम केले आणि २००२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. आपल्या चौथ्या रकान्यात त्यांना दहापैकी किती पडले असते?

दुसरी गोष्ट आपल्या पेटीची. जिच्यावाचून आपले भजन उभे राहत नाही, ती पेटी १९४० साली आकाशवाणीने बंद केली. रवींद्रनाथ ठाकुरांनाही ती नापसंत होती. १९७१ पर्यंत, म्हणजे तीस वर्षांवर, ही बंदी टिकली. आणि हे कोणाच्या देशात? जेथे ‘मानापमाना’च्या चाली देणारे गोविंदराव टेंबे पेटीवादनासाठी नावाजले गेले, तेथे!

मग ज्याला जे आवडेल ते सुंदर, असे म्हणून मोकळे व्हावे काय? नाही, तेही मला पटत नाही. पेटीला नावे ठेवणाऱ्यांनी निदान कारण दिले होते: पट्ट्यांचे सूर ठरलेले, त्यांतून मींड निघत नाही. कारण दिले की त्यावर बोलता येते. पेटीवाल्यांना उत्तर देता आले. ‘गोड नाही’ एवढ्यावर कोणी काय बोलावे? शिवाय कान हा शिकतो. पहिल्यांदा ऐकलेला विलंबित ख्याल कित्येकींना कंटाळवाणा वाटतो. दहाव्यांदा त्याच जागेची वाट पाहतात. आणि लावणीचे काय झाले? घरंदाज बायकांनी ऐकू नये, अशी ती वस्तू होती. यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, आणि आपल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लावणी महोत्सव भरतो.

(रांगोळीचेही तेच. हुबेहूब चेहरा काढला की पहिला नंबर, आणि ठिपक्यांची रांगोळी उत्तेजनार्थ! ठिपके जुळवताना हात किती स्थिर लागतो, हे काढणारीलाच ठाऊक.)

हे सारे सांगण्याचे कारण असे. मागील वर्षी आपल्यातील एका वडीलधाऱ्या बाईंना ‘आवाज जाड’ एवढाच शेरा मिळाला. यंदा त्यांनी नाव दिले नाही. पहाटे त्या घरी काकडा म्हणतात, तेव्हा शेजारच्या सुना हातातले काम थांबवून ऐकतात, असे मला त्यांच्या गल्लीत समजले.

माझी सूचना एवढीच की चौथा रकाना काढावा, आणि त्या जागी परीक्षकांनी दोन ओळी लिहाव्यात: काय आवडले, काय नाही व का. सूचना लेखी देत आहे. आणि पुढच्या वर्षी त्या बाईंचे नाव घ्यायला चिटणीसबाईंनी स्वतः त्यांच्या घरी जावे, चिठ्ठी पाठवू नये.